व्यापारी वाऱ्यांच्या बेटावर पहिली आंतरराष्ट्रीय स्लॅलम: चार महिने हातात असताना काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षं तुम्ही तलावावर आणि थंड पाण्याच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग करताय, देशातल्या शर्यतींत पहिल्या दहात येता, आणि आता चार महिन्यांनी एका उष्ण कटिबंधातल्या बेटावर पहिली आंतरराष्ट्रीय स्लॅलम स्पर्धा, म्हणजे बोयांभोवती (तरंगत्या खुणांभोवती) वळत जाण्याची वेगाची शर्यत, खेळणार आहात. बोर्ड पाण्याच्या वर उचलणाऱ्या फॉइलवरची नाही, बोर्डाखालच्या साध्या फिनवरची. शिडं कोणत्या मापाची न्यायची, रोज किती तास पाण्यावर काढायचे, आणि जाता जाता एक: स्पर्धेच्या दोन दिवस आधी पोहोचलं तर चालेल का?

शिडांचं खाली सविस्तर लिहिते. पण तुम्ही जाता जाता जे विचारलंय, तोच खरा प्रश्न आहे. दोन दिवस पुरत नाहीत. अकरा वर्षं मी स्वतः स्लॅलम खेळले आणि त्यानंतर तरुण रेसर्सना घेऊन अशा बेटांवर जात आले. वेगात सरस असलेली माणसं अनोळखी पाण्यात आणि उकाड्यात मागे पडताना मी इतक्यांदा पाहिली आहेत की, आज कुणी मर्यादित पैशांत तयारी कशी करू असं विचारलं, तर मी तिसऱ्या शिडाऐवजी आणखी पाच दिवस आधीचं तिकीट काढायला सांगते.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही बेटाचं नाव, महिना आणि स्वतःचं वजन लिहिलेलं नाही. या तिन्हींवर बरंच ठरतं, म्हणून मी कारणांसकट लिहिते. आकडे तुम्ही तुमच्या परिस्थितीला लावून बघा.

आधी वारा. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक बेटांवर व्यापारी वारे चालतात आणि ते एकसारखे असतात अशी ख्याती आहे. ती खरी आहे, पण अर्धीच. कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा आणि बोनेअरवर पूर्वेचा वारा वर्षाच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत दिवसेंदिवस टिकून राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये मात्र तो पडतो, आणि तेव्हा मोठं शीड घेऊन वाट बघत बसावं लागतं. म्हणजे बेट तेच असलं तरी महिना बदलला की शिडांचा संच बदलतो. हवाई बेटांतल्या माउईची गोष्ट आणखी वेगळी. तिथे 3,055 मीटर उंचीचा हालेआकाला आणि पश्चिमेकडचे डोंगर यांच्या मधल्या सखल पट्ट्यातून वारा चेपला जातो, दुपारी जमीन तापली की आणखी चढतो. त्यामुळे तिथला वाऱ्याचा अंदाज वाचताना मोकळ्या समुद्रातला आकडा आणि किनाऱ्यावरचा आकडा एक धरून चालत नाही. शिवाय तिथल्या उत्तर किनाऱ्यावर सकाळी 11 पूर्वी विंडसर्फिंग करायचं नाही असा नियम आहे. सरावाचे तास आखताना असे स्थानिक नियम आधी विचारून घ्या, नाहीतर सकाळची वेळ वाया जाते.

किनारा बेटाच्या कोणत्या अंगाला आहे तेही बघा. वाऱ्याकडच्या अंगाला वारा भरीव असतो, पण पाणी उसळतं. वाऱ्याआडच्या अंगाला पाणी सपाट मिळतं, पण वारा जमिनीवरून येतो. घरं, झाडं, टेकड्या यांना वळसे घालत येतो आणि झोतांनी येतो. अरुबातला हडिकुरारीचा किनारा असाच. पाणी गुळगुळीत, वारा जमिनीकडून समुद्राकडे. तिथे तुमचा मास्टबेस, म्हणजे शिडाची काठी बोर्डाला जोडणारा सांधा, तुटला तर तुम्ही किनाऱ्याला लागत नाही, खुल्या समुद्रात वाहत जाता. म्हणून हार्नेसमध्ये, म्हणजे शिडाला लटकायच्या कमरपट्ट्यात, एक जादा दोरी आणि शिट्टी ठेवा, आणि सरावालासुद्धा एकट्यानं जाऊ नका. बोनेअरची लाक बे याच्या उलट स्वभावाची आहे: कमरेएवढं पाणी, तळ दिसतो, बाहेरच्या प्रवाळरांगेवर लाट फुटून जाते. फ्रीस्टाइलचे, म्हणजे कसरतींचे, इतके खेळाडू त्या खाडीत का घडले ते तिथे उभं राहिलं की कळतं. पण स्लॅलमच्या लांब फिनला असं उथळ पाणी महागात पडतं.

आता एक गोष्ट, जी थंड पाण्याकडून येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. गरम हवा हलकी असते. 10 अंशांना एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.25 किलो, 30 अंशांना 1.16. दमटपणामुळे ते आणखी थोडं कमी होतं. म्हणजे वेगमापकावर तोच 18 नॉटचा आकडा दिसत असताना शिडावर पडणारा जोर सुमारे 7 टक्क्यांनी कमी. तुमच्या तलावावर 7.0 चौरस मीटरचं शीड जी ओढ देतं, तीच ओढ तिथे 7.5 देईल. पहिल्या दिवशी सगळे पाहुणे रेसर "वारा आकड्याएवढा लागतच नाही" म्हणतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. उलट वारा वाढला की तो झपाट्यानं अंगावर येतो, कारण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. 15 नॉटचा 20 झाला की ओढ जवळजवळ 1.8 पट.

म्हणून शिडांबद्दल माझं मत असं. 75 किलोच्या आसपासच्या रेसरनं 7.8, 7.0 आणि 6.2 अशी तीन शिडं न्यावीत. वजन 85 च्या पुढे असेल तर प्रत्येक माप अर्ध्या-पाऊण चौरस मीटरनं वर सरकवा. दोनच परवडत असतील तर 7.8 आणि 6.8 न्या आणि डाउनहॉलनं, म्हणजे शीड खाली ताणणाऱ्या दोरीनं, मधली दरी भरून काढायला शिका. स्पर्धेची नोटीस ऑफ रेस नीट वाचा. किती बोर्ड, किती शिडं आणि किती फिन नोंदवता येतात ते तिच्यात दिलेलं असतं आणि ते स्पर्धेगणिक बदलतं. नवं शीड स्पर्धेसाठी म्हणून आयत्या वेळी घेऊ नका. ज्या शिडाच्या डाउनहॉलची खूण तुम्ही डोळे मिटून सांगू शकता, ते जुनं शीड त्या नव्यापेक्षा वेगवान ठरतं.

फिनच्या बाबतीत एक जादा गोष्ट सामानात टाकाच: गवत-फिन, म्हणजे मागे झुकलेलं वीड फिन. 2011 पासून कॅरिबियनमध्ये सारगॅसम हे तरंगतं तपकिरी शैवाल लोंढ्यांनी येतंय. सरळ उभ्या फिनला त्याचा एक झुबका अडकला की बोर्ड जागच्या जागी बसतो आणि तुम्ही शिडासकट पुढे फेकले जाता. वीड फिननं वेग थोडा जातो, मान्य, पण शर्यत पूर्ण होते. त्याच्यावर घरीच दोन-तीन दिवस सराव करून ठेवा. पकड वेगळी लागते, मागच्या पायानं फार रेटलं की पाणी सोडतं.

उकाड्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी पहिली अशी स्पर्धा त्याच्यातच गेली. तीन दिवस आधी पोहोचले होते. पहिल्या दिवशी दोन हीट, म्हणजे गटागटानं होणाऱ्या शर्यती, छान गेल्या, बाद फेरीत पोहोचले. दुसऱ्या दिवशी चौथ्या हीटच्या आधी किनाऱ्यावर बूम, म्हणजे शीड धरायची आडवी दांडी, धरायला गेले तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. पंजा अर्धवट उघडा, मनगटापासून कोपरापर्यंत स्नायू दोरीसारखे पिळलेले. दुसऱ्या हातानं एकेक बोट बूमभोवती वळवून पाण्यात उतरले आणि पहिल्याच जाइबला, म्हणजे वाऱ्याआड घेतलेल्या वळणाला, शीड हातातून सुटलं. संध्याकाळी वजन केलं तर सकाळपेक्षा अडीच किलो कमी. पाणी मी पीत होते, पण घामाच्या मानानं फार कमी. जेवण जवळजवळ नव्हतंच, आणि शरीराला त्या हवेची सवय तर अजिबात नव्हती.

त्या सवयीला वेळ लागतो. गरम हवेत रोज तासभर घाम गाळला की पहिल्या आठवड्यात बराच फरक पडतो, पूर्ण जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस. या काळात रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं आणि त्याच मेहनतीला हृदयाचे ठोके कमी पडतात. हा बदल मनाच्या जोरावर होत नाही, दिवस मोजूनच होतो. म्हणून दोन दिवस नाहीत. सात तरी हवेत, दहा मिळाले तर फारच छान.

सातही जमत नसतील तर घरून सुरुवात करा. निघण्यापूर्वीचे दहा-बारा दिवस सायकल किंवा रोइंग मशीनचा व्यायाम बंद खोलीत, पंख्याशिवाय, जादा कपडे घालून करा. व्यायामानंतर गरम पाण्याच्या टबमध्ये वीस-तीस मिनिटं बसल्यानंही शरीराला सवय लागायला मदत होते. पण हे एकट्यानं करायचं नाही, चक्कर आल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं, आणि रक्तदाबाचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचंच नाही. एक लक्षात ठेवा, कमावलेली सवय दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तेव्हा चार महिने आधीपासून हे करण्यात अर्थ नाही.

पिण्याचं गणित वजनकाट्यावर करा. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. मधे प्यायलेलं पाणी हिशेबात धरा. गेलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. माझ्या बरोबरच्या रेसर्समध्ये कुणाचा तासाला 700 मिली जातो, कुणाचा दीड लिटर. म्हणून दुसऱ्याची बाटली बघून आपलं ठरवू नका. शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली की कामगिरी घसरू लागते. आणि नुसतं पाणी ढोसणं हाही उपाय नाही. घामाबरोबर सोडियम जातं, त्यामुळे दिवसभर साधं पाणीच भरपूर पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. बाटलीत मीठ-साखर असू द्या आणि हीटच्या मधे खारट काहीतरी खा.

हातांचंही सांगते. थंड पाण्यात घट्टे कडक राहतात. कोमट खाऱ्या पाण्यात तेच घट्टे तासाभरात मऊ पडतात आणि तिसऱ्या दिवशी अख्खे सोलून निघतात. निघण्यापूर्वी आठवडाभर ते घासून सपाट करा, उंच कडा ठेवू नका. पहिल्या दिवशी तुम्हाला कितीही हुरूप आला तरी दीड तासाच्या वर पाण्यावर राहू नका. पहिल्या दिवशी चार तास खेळून स्पर्धेच्या दिवशी पट्ट्या गुंडाळून उतरणारे दरवर्षी दिसतात.

तुमच्या "रोज किती तास" या प्रश्नाचं माझं उत्तर तुम्हाला कमी वाटेल. पाण्यावरचे तास वाढवण्यापेक्षा त्या तासांत काय करता ते बदला. तुमच्या पातळीवर सरळ वेगात फार सुधारणा चार महिन्यांत होत नाही. सुरुवात आणि पहिलं जाइब मात्र नक्की सुधारतं. स्लॅलममध्ये बोर्ड 30 नॉटनं, म्हणजे सेकंदाला साधारण 15 मीटर धावतो. रेषेवर दोन सेकंद उशिरा पोहोचलात तर 30 मीटर मागे, आणि पुढच्यांच्या शिडांनी ढवळलेल्या, घाणेरड्या वाऱ्यात. लवकर ओलांडलीत तर बहुतेक स्पर्धांत ती हीट गेलीच. म्हणून दोन बोये टाका आणि घड्याळ लावून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करा: एका ठरलेल्या जागेवरून पूर्ण वेगानं रेषेपर्यंत किती सेकंद लागतात? भरल्या वाऱ्यात किती, पडत्या वाऱ्यात किती? आठवड्यातून दोन सराव फक्त याचेच. उरलेल्यांत जाइब, पण एकट्याचं नाही. तीन-चार जणांना बोलावून एकाच बोयाभोवती एकाच वेळी वळा. मोकळ्या पाण्यात सुंदर जाइब करणारा माणूस बाजूला दुसऱ्याचा बूम आला की सरळ उभा राहतो आणि वेग घालवतो. ती सवय फक्त गर्दीतच मोडते.

वल्हवण्यासारखी ओढ, पकड आणि पाय यांसाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा वजनांचा व्यायाम पुरे. शेवटच्या दहा दिवसांत तो निम्म्यावर आणा.

शिडाच्या शर्यतींच्या नियमांचं पुस्तक वाचाच. सध्या 2025 ते 2028 ची आवृत्ती लागू आहे आणि विंडसर्फिंगचे बदल परिशिष्ट बी मध्ये आहेत. देशातल्या शर्यतींत सगळे ओळखीचे असतात, चुका हसून सोडल्या जातात. आंतरराष्ट्रीय पातळीवर पंचांसमोर बसून, नियमाचा क्रमांक सांगून आपली बाजू मांडावी लागते. ती भाषा आधीच तोंडात बसलेली हवी.

सामानातल्या एका छोट्या स्क्रूबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बोर्डाच्या वर हवा सोडण्याचा जो स्क्रू असतो, तो विमान प्रवासात सैल करावा लागतो. वर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि थर सुटू शकतात. काही बोर्डांत आपोआप चालणारा व्हॉल्व्ह असतो, तुमच्यात कोणता आहे ते बघा. मी नेलेल्या एका मुलानं तो सैल केला, पण पोहोचल्यावर घट्ट करायचा राहिला. तीन हीटनंतर "बोर्ड उठतच नाही" म्हणून तो रडकुंडीला आला. बोर्ड उलटा धरला तर त्या भोकातून थेंब थेंब पाणी वाळूत पडत होतं, रात्रभर पडत राहिलं. तेव्हापासून आम्ही स्क्रूचा स्क्रूड्रायव्हर मास्टबेसलाच दोरीनं बांधतो. स्क्रू आवळल्याशिवाय मास्टबेस हातात घ्यायचा नाही, असा दंडकच आहे.

मास्टच्या जोडावर वाळूचा कण राहू देऊ नका. फडक्यानं पुसूनच जोडा, नाहीतर दोन भाग एकमेकांत असे बसतात की परतीच्या बॅगेत जात नाहीत. काळा कार्बन बोर्ड भर उन्हात उघडा टाकू नका. हार्नेस आणि हार्नेस लाइन्स हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तरी भाड्याच्या बोर्डावर निदान तुमच्या मापानं लटकता येतं.

प्रवाळावर पाय कापला तर जखम लहान दिसते म्हणून सोडू नका. गोड्या पाण्यानं घासून धुवा, आत कण राहू देऊ नका, ती फार लवकर चिघळते. पातळ तळाचे बूट घाला. सनस्क्रीन निघण्यापूर्वी तपासा: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट असलेलं सनस्क्रीन हवाईत 2021 पासून विकता येत नाही, पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशानं त्याच्या आधीच्या वर्षी अशा द्रव्यांवर बंदी घातली. झिंक ऑक्साइडचं जाड मलम चेहऱ्यावर टिकतंही चांगलं. स्पर्धा संपेपर्यंत बाराकुडासारखे मोठे प्रवाळमासे खाऊ नका. त्यांच्यात साठणारं सिग्वाटेरा विष शिजवून जात नाही.

आता तुम्ही सात दिवस आधी पोहोचलात असं धरून सांगते. पहिल्या दिवशी पाण्यात उतरायची घाई नको. किनाऱ्यावर बसा आणि ढग बघा. व्यापारी वाऱ्याच्या पट्ट्यात काळपट, तळ सपाट असलेला ढग वाऱ्याकडून येताना दिसला की सरीच्या आधी झोत येतो, दिशा थोडी बदलते, आणि सर निघून गेली की पाच-दहा मिनिटं वारा मरतो. घड्याळात नोंदवा: ढग अमुक जागी होता तेव्हापासून झोत यायला किती मिनिटं? सुरुवातीच्या आधीच्या पाच मिनिटांत कोणतं शीड उचलायचं ते या नोंदीवर ठरतं. तिथल्या मासेमारांना आणि रोज खेळणाऱ्या पोरांना विचारा. कोपऱ्यातला खडक कुठल्या ओहोटीला फिनला लागतो, हे कुठल्याही नकाशात सापडत नाही. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत वेळ हळूहळू वाढवा आणि प्रत्येक शिडाची डाउनहॉलची खूण तिथल्या हवेत नव्यानं करा. पाचव्या दिवशी शर्यतीच्या वेळीच, शर्यतीच्या पाण्यात, घड्याळ लावून सुरुवाती. सहाव्या दिवशी अर्धा तास, फक्त अंग मोकळं करायला. सातव्या दिवशी पाण्याबाहेर राहा, नोंदणी उरका, बोर्ड-फिन तपासा, झोपा.

प्रवासात वेळेचे पट्टे बरेच ओलांडणार असाल तर प्रत्येक पट्ट्याला साधारण एक दिवस झोप बसायला लागतो, पूर्वेकडे जाताना थोडा जास्तच. सात पट्टे असतील तर वरचा आठवडा तेवढ्यातच खर्ची पडेल. मग दहा दिवसांचा विचार करा आणि पैसे वाचवायला एक शीड कमी न्या.

नोटीस ऑफ रेस हातात आली की बेट, महिना, तुमचं वजन आणि बोर्डांची रुंदी लिहा. फिनची नेमकी मापं त्याच्यावरून सांगता येतील.